धोंडवळीवर घेतलेलं नाव

१

मंगळवारी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी हे सुरू झालं. वेळ इतकी नक्की ठाऊक आहे, कारण त्याच मिनिटाला शमिकानं नवऱ्याला फोन लावायला म्हणून मोबाइल काढला होता, आणि सड्यावर रेंज नव्हती.

सकाळी ती पोराला घेऊन डोसाला गेली होती. ऋत्विक दीड वर्षाचा. जाताना रिक्षा मिळाली, येताना मिळेना. डांबरी रस्त्यानं वाडीत यायचं तर केवढा वळसा, आणि सडा, हा डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ, आडवा कापला की खाली उतरून सरळ आपल्या अंगणात, खळ्यात. पालीच्या बाजारातून पुरुष माणसं त्याच वाटेनं येत. बायका येत नसत. का येत नसत ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि लग्नाला तीन वर्षं होत आली तरी तिनं विचारलं नव्हतं. सुनेनं तरी किती म्हणून विचारायचं?

मार्चचं ऊन. पायाखाली काळा कातळ तव्यासारखा तापलेला, वर आभाळ पांढरं, मधे करपलेलं गवत. सावलीला एक झुडूप नाही. पोरानं सुई टोचल्यापासून जे भोकाड पसरलं होतं ते थांबायचं नाव घेईना. शमिका त्याला या कडेवरून त्या कडेवर घेत होती. खांदा भरून आला होता.

"उगी हां, उगी. आला हां घर. तो बघ कावळा."

कावळासुद्धा नव्हता.

मग धोंडवळ लागली. सड्याच्या मधोमध दगडांचा मोठा ढीग, गवताच्या उडवीसारखा गोल, माणसाच्या डोक्याबरोबर उंच. भोवती अर्धे पुरलेले मोठे धोंडे. दोन वर्षांमागं शहरातली शिकलेली माणसं टेप घेऊन आली, मापं घेतली, आणि म्हणाली, ही हजारो वर्षांपूर्वीची माणसं पुरायची जागा आहे. तेव्हापासून तिथं एक पाटी आहे, आणि रविवारी खाली गाड्या लागतात. पण हा मंगळवार होता. चिटपाखरू नव्हतं.

शमिकाच्या माहेरी, मालगुंडच्या बाजूला, सड्यावरून दर्याकडं उतरताना असाच एक ढीग होता, याच्याहून लहान. येणारा-जाणारा त्याच्यावर एक धोंडा ठेवायचा आणि आपलं नाव घ्यायचा. पायांचा शीण त्या धोंड्यात राहतो म्हणायचे. कडेवरच्या पोराचा धोंडा त्याची आई ठेवायची. शमिकाच्या आईनं तिच्या नावाचे कितीतरी ठेवले असतील. ढीग दिसला की हात आपोआप खाली जायचा, देवळाची घंटा दिसली की वर जातो तसा.

तसाच तो गेला. मुठीएवढा जांभा दगड तिनं उचलला आणि ढिगावर ठेवला.

"हा माझ्या ऋत्विकचा."

धोंडा जरासा आत बसला. खाली पोकळ असावं तसा आवाज आला. आता स्वतःचा उचलावा म्हणून ती वाकली, आणि पोराचं रडणं थांबलं. हळूहळू हुंदके देत नाही थांबलं. सुरीनं दोरी कापावी तसं तुटलं.

शमिका तशीच वाकलेली राहिली. मग तिला हसू आलं. "आई गं, गुण आला की लगेच," म्हणाली, आणि तो पुन्हा सुरू व्हायच्या आत घर गाठावं म्हणून स्वतःचा धोंडा न ठेवताच उतरणीला लागली.

२

घरात माणसं मोजकी. सासू हौसा, मोठी जाऊ राजश्री आणि तिची साडेतीन वर्षांची योगू. दोघी जावांचे नवरे मुंबईत, एकाच खोलीत राहणारे. योगूचं खरं नाव योगिनी, पण ते बारशाच्या दिवशी घेतलं तेवढंच. योगू दिवसभर बोलायची. झोपेतसुद्धा बोलायची.

"काकी, बाळाला सुई दिली? कुठं दिली? रक्त आला? तो रडला? मी नाही रडले. मी रडले होते का गो आई?"

"तू गाव गोळा केलवतंस," राजश्री म्हणाली. मग ऋत्विककडं बघून, "हा बघ कसा शहाणा. डोस घेऊन आला आणि तोंडातनं हू नाही की चू नाही. आमच्या भवानीला जरा शिकव रे बाबा."

शमिकानं त्याला पदराखाली घेतलं. त्यानं तोंड लावलं, पण ओढलं नाही. नुसतं लावून ठेवलं. गरम होत असेल म्हणून तिनं त्याच्या तोंडात बोट घालून बघितलं. आतमध्ये ओल नव्हती. उन्हातून आलाय, सुकलं असेल. तिनं चमच्यानं पाणी पाजलं. पाणी आत गेलं, पण गिळल्याचा आवाज काही आला नाही.

तिन्हीसांजेला अंग तापलं. डोसानंतर ताप येतो, नर्सबाईंनी सांगितलंच होतं, थेंबांची बाटलीही दिली होती. शमिकाला उलट बरं वाटलं. जे सांगितलं होतं तेच होतंय. थेंब पाजले, कपाळावर ओली घडी ठेवली. घडी सुकली. दुसरी ठेवली, तीही सुकली. पोर डोळे उघडे ठेवून पडलं होतं, चेहऱ्यावर तापाची लाली नाही, कण्हणं नाही. नुसतं अंगातून ऊन बाहेर पडत होतं.

३

सकाळी तो गार होता.

ताप उतरल्यावर अंग गार लागतंच, तिनं मनाशी म्हटलं. पण हा गारवा घामाचा नव्हता. पहाटे अनवाणी खळ्यात पाय ठेवला की पायरीचा दगडी चिरा लागतो तसा होता. दिवस चढला तसं अंग कोमट झालं. दुपारी गरम. सांजेला पुन्हा भट्टी. तिनं दोन दिवस बघितलं. सूर्य मावळल्यावर जांभ्याच्या भिंतीला पाठ लावून बसलं की जशी ऊब येते, अगदी तशीच ऊब, आणि तशीच सावकाश उतरणारी.

आणि जड. कडेवर घेतला की कमरेत कळ जायची. पोर वाढतं आहे, जड होणारच. पण पाळण्याच्या दोऱ्या इतक्या ताणल्या होत्या की हलवला की आढ्याचा वासा करकरायचा.

तो रडत नव्हता. हसत नव्हता. मागत नव्हता. खाली सोडला की रांगत जायचा तो माजघराच्या कोपऱ्यात, आणि तिथं जमिनीला कान लावून आडवा व्हायचा. शेणानं सारवलेल्या गार जमिनीवर पोरं लोळतात. पण हा लोळत नव्हता. ऐकत होता. घरात कुणी कुणाला नावानं हाक मारली, "राजश्री, चुलीतला जाळ बघ गो," "योगू, इकडं ये," की त्याची मान तेवढी वर व्हायची. ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडं तो बघायचा. मग पुन्हा कान जमिनीला.

शमिकाची छाती दाटून दगड झाली होती. दूध पिळून ती मोरीत सोडत होती.

गुरुवारी दुपारी मुंबईहून नवऱ्याचा, निलेशचा व्हिडिओ कॉल आला. जेवणाची सुट्टी होती, मागं कारखान्याचा खडखडाट.

"कसा आहे गडी? दाखव जरा."

तिनं मोबाइल ऋत्विकसमोर धरला.

"अगं, त्याच्याकडं कर ना."

"त्याच्याकडंच आहे."

"नाही गं. भिंत दिसतेय नुसती. चिरा."

"रेंज नाही म्हणून चित्र अडकलंय."

"अडकलं कुठं? तुझा हात हलताना दिसतोय की," निलेश म्हणाला. "त्याचा हात धर ना, टाटा कराय लाव."

शमिकानं फोन बंद केला. नंतर रेंज गेली म्हणून मेसेज टाकला. मोबाइल जुना आहे, काचेला तडा आहे. तिनं काच पदरानं पुसली, आणि पुन्हा तो कॅमेरा पोराकडं केला नाही.

४

हौसा त्या दिवशी ओटीवर कुळीथ निवडत बसली होती. शमिका ऋत्विकला घेऊन तिच्यासमोरून गेली. हौसानं मान वर केली नाही, पण सूप हलायचं थांबलं.

"शमिका."

"हो आई?"

"मंगळवारी कुठल्या वाटेनं आलीस गो?"

खोटं बोलावं असं शमिकाच्या मनात आलं. का, ते तिलाही कळलं नाही.

"सड्यावरून. रिक्षा नव्हती."

"थांबलीस?"

"खांदा दुखला म्हणून जराशी..."

"धोंडा ठेवलास?"

शमिकानं मान हलवली.

"कुणी सांगितलान तुला?"

"माहेरी ठेवतो आम्ही. पायाला आराम पडतो म्हणून..."

"नाव घेतलंस?"

ऋत्विकनं तिच्या खांद्यावरून मान वर केली आणि हौसाकडं बघितलं. हौसानं नजर सुपाकडं वळवली. सुपातले दोन खडे वेचून काढले, खळ्यात टाकले.

"आमच्यात बाराव्याला ठेवतात," ती म्हणाली. आवाज चढला नाही की पडला नाही. "माणूस गेलं की घरातलं मोठं माणूस एक धोंडा नेतं, नाव घेतं आणि मागं न बघता येतं. तुझ्या सासऱ्याचा मी ठेवलाय. माझ्या सासूचा, त्याच्या आवशीचा, त्यानं ठेवला होता. तिथं जित्या माणसाचं नाव कुणी घेत न्हाय. बायकांनी पोरं घेऊन त्या वाटेनं जायचंच न्हाय, म्हणजे प्रश्न न्हाय."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"तू विचारलंस काय?"

शमिका पायरीवर बसायला वाकली. कडेवरचं पोर पायरीवर आपटलं. आवाज झाला तो दगडाचा. पोर हूं का चूं करेना.

५

त्या दिवसापासून हौसानं ऋत्विकला हात लावला नाही. रागानं नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. पेजेच्या वाट्या मांडताना एक वाटी कमी मांडायची, बस. शमिका पाचवी वाटी घेऊन यायची तेव्हा हौसा म्हणायची, "कशाला उष्टी करतंस?" पाळण्यावरची काळी बाहुली तिनं सोडवून योगूच्या फ्रॉकला लावली. "आता तिला लागंल," म्हणाली.

शमिका तिच्या पायांशी बसली.

"काहीतरी असेल ना आई. काढून टाकला तो धोंडा तर?"

"काढता येतो. पन मोकळी जागा ठेवता येत न्हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे एक काढायचा तर एक ठेवायचा. नाव घेऊन. आणि ज्याचं नाव घ्यायचं ते समोर पायजे. घरात बसून कुणाचंही घेतलंस तर चालत न्हाय." हौसानं पानाला चुना लावला. "मी बघितला न्हाय. माझी सासू सांगायची. एकीनं केला होता म्हणे."

"माझं घेतलं तर?"

"घे की. मग त्याला कडेवर घेऊन खाली कोन येईल? त्याला दूध कोन पाजेल, मी?" ती हसली. तोंडात एकच दात होता, तो लाल झालेला. "तू जवान हायस गो. निलेश शिमग्याला येईल. दुसरं होईल. असं किती बायकांचं जातं, त्या काय जेवायच्या थांबतात?"

राजश्री दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तिनं शमिकाला उठवून आत नेलं, केसांवरून हात फिरवला, आणि म्हणाली, "देवीला कौल लावूया. माझी योगू असती तर मी पण वेडी झाले असते गो."

योगू तेवढ्यात आली. "मी कुठं असती, आई?"

६

शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत राजश्री नदीवर धुणं घेऊन गेली. हौसा पडवीत पडली होती. शमिकानं ऋत्विकला कडेवर घेतलं. स्वतःचं नाव घ्यायचं, तिनं ठरवलं होतं. पोराला खाली कोण आणणार याचा विचारही केला होता: जोरानं हाक मारायची, खालच्या काजूत राखणीला गडी असतो तो येईल. असं तिनं ठरवलं होतं. ती अजून स्वतःला तसंच सांगते.

योगू मागं लागली म्हणून ती तिला घेऊन गेली. योगू मागं लागली होती हे खरं. पण त्याच्याआधी शमिका अंगणात उभी राहून म्हणाली होती, "वर काजूचे बोंडू पिकलेत हां लाल लाल."

चढताना योगू पुढं, शमिका मागं. पोराच्या भारानं तिला चार पावलांवर थांबावं लागत होतं.

"काकी, बाळ जाड झाला?"

"हो."

"तो बोलत का नाही?"

"दमलाय."

"मी नाही दमत. मी मुंबईपर्यंत चालत जाऊ शकते. बाबा म्हणाला, तू आलीस तर तुला पाणीपुरी. काकी, पाणीपुरीत पाणी कुठनं येतं?"

धोंडवळ दिसली तेव्हा दिवस बराच वर आला होता. वारा नव्हता. शमिका जवळ गेली आणि तिच्या छातीत कळ उठली. मग ब्लाउज ओला झाला. दोन्ही बाजूंनी दूध पाझरायला लागलं, थांबेना. तिला आधी कळलं नाही का ते. मग ऐकू आलं.

रडणं. खूप खालून, खूप बारीक. पण आईला आपल्या पोराचं रडणं दहा पोरांत कळतं. भुकेचं रडणं होतं. मधे श्वास अडकायचा आणि मग उचकी लागायची, जन्मल्यापासून तशीच लागायची. आणि कडेवर पोर गप्प, जड, कोमट.

कडेवरच्यानं मान तिरकी केली आणि ढिगाच्या दिशेनं कान धरला.

शमिकानं आपला धोंडा लगेच ओळखला. तिनं तो उचलला. खाली फट होती, हाताचा पंजा जाईल एवढी. तिनं वाकून आत बघितलं.

एक कान दिसला. मातकट, मोठ्या माणसाचा, दगडाला खालून चिकटवल्यासारखा. त्याच्याखाली आणखी एक. त्याच्या बाजूला आणखी. जितकं खोल दिसत होतं तितके कान, सगळे वरच्या बाजूला लावलेले, घरात काय बोलतात ते भिंतीपलीकडून ऐकावं तसे. आणि अगदी वर, तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर, एक लहान, गोरा, सोन्याची तार घातलेला. ती तार तिच्या भावानं करून आणली होती.

रडणं थांबलं. आतले सगळे वाट बघत होते.

"काकी, हा घे," योगू म्हणाली. तिनं ढिगाजवळचा एक धोंडा दोन्ही हातांनी उचलून आणला होता, गुळगुळीत, तांबूस. "हा छान आहे. हा ठेव."

शमिकानं तो घेतला. फटीवर धरला. तिच्या तोंडात तिचं स्वतःचं नाव होतं. पहिलं अक्षर जिभेवर आलं होतं.

"योगिनी," ती म्हणाली आणि धोंडा ठेवला.

"नाही काकी," योगू खुदकन हसली, "मला योगू म्ह"

आणि पुढं काही बोलली नाही.

७

उतरताना ऋत्विक सबंध वाटभर रडला. कडेवर काही नसल्यासारखा हलका, तोंड लाल, नाक वाहतं, तिचा पदर दोन्ही मुठींत धरून ओरबाडत. तिनं वाटेतच दगडी गडग्याच्या आडोशाला बसून त्याला पाजलं. घटाघट प्याला, ठसका लागला, पुन्हा प्याला, आणि तिच्या मांडीवर मुतला. शमिका ओल्या साडीनं बसून हसत होती आणि रडत होती. समोर योगू उभी होती, हात दोन्ही बाजूंना सोडून. गडग्याच्या चिऱ्याला तिनं कान लावला होता.

खळ्यात हौसा उभी होती. पोराचं रडणं लांबून ऐकून बाहेर आली होती. तिनं ऋत्विकला घेतलं, हुंगलं, गालाचा मुका घेतला. मग योगूकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. पुढं होऊन तिच्या फ्रॉकला लावलेली काळी बाहुली काढली आणि ऋत्विकच्या मनगटाला बांधली.

"बरा केलास," शमिकाला हळूच म्हणाली. "नातू राहिला. पोरीची जात काय, आज ना उद्या दुसऱ्याच्या घरी जायचीच."

नदीवरून राजश्री आली. पिळे दोरीवर टाकता टाकता म्हणाली, "आज गडबड नाही घरात. कुठं गेली माझी भवानी?"

राजश्री आत आली. योगू माजघरात होती, कोपऱ्यात, जमिनीवर आडवी.

"योगू, पेज खाल्लीस?"

योगूनं मान वर केली आणि आईकडं बघितलं. मग मान खाली गेली.

राजश्रीच्या हातातला ओला परकर तसाच राहिला. त्यातून पाणी गळत होतं. ते सारवणावरून वाहत योगूच्या केसांपर्यंत गेलं, तरी योगू हलली नाही.

८

राजश्रीनं कुणाशी भांडण केलं नाही. शमिका दिवसभर वाट बघत होती. संध्याकाळी दोघी चुलीपाशी होत्या. राजश्री खोबरं किसत होती. किसून संपलं तरी करवंटी खरवडत राहिली.

"वैनी..."

"रडू नको. रडायची पाळी माझी होती. ती मी दुपारी न्हाणीघरात उरकली."

"मी मुद्दाम नाही..."

"गोड बोलता येतं तुला, ते मला ठाऊक आहे. आल्यापासून बघतेय." तिनं करवंटी बाजूला ठेवली. "आता ऐक. तुझा पोर मी कधीही उचलून वर नेऊ शकते. तू किती राखशील? न्हायला जाशील, परसाकडं जाशील, डोळा लागेल. मी एकाच घरात आहे. मला घाई नाही."

शमिकानं ऋत्विकला छातीशी धरलं.

"नाहीतर," राजश्री म्हणाली, "उद्या रविवार आहे. गाड्या येतात. मला नाही जमायचं ते. माझं तोंड बघूनच माणसं लांब जातात. तू जा. नाव विचार. मला वर हाक मारून सांग. मी बसते तिथं हिला घेऊन."

बोलणं तेवढंच झालं. नंतर दोघींनी मिळून भाकऱ्या केल्या. एक थापत होती, एक भाजत होती.

रविवारी सकाळी शमिका सड्याच्या वाटेवर कोकम सरबताची कळशी घेऊन उभी राहिली, कडेवर ऋत्विक. वर ढिगापाशी छत्री उघडून राजश्री बसली होती, मांडीवर योगू. लांबून कुणालाही वाटावं, विकायला काहीतरी घेऊन बसल्यात बिचाऱ्या.

पहिली गाडी आली ती कोल्हापूरकडची. एक जोडपं आणि एक लहान मुलगा, डोक्याला मोठी टोपी. बाई घाबरट दिसत होती. पोराच्या गळ्याला, कानामागं पुन्हापुन्हा हात लावून बघत होती. शमिकाला ते बघवेना, आणि तिनं सरबताचा पेला पुढं केला.

"घ्या ताई. घरचं आहे. ऊन फार आहे वर."

"हो ना. मी म्हणत होते याला आणायला नको, पण हे ऐकतील तर ना," बाई नवऱ्याकडं बघत म्हणाली. नवरा फोटो काढत पुढं निघाला होता. "तुमचा किती वर्षांचा?"

"दीड."

"खातो का हो नीट? हा काहीच खात नाही. मला रात्रभर झोप लागत नाही काळजीनं. वेडीच म्हणतात मला सगळे."

"म्हणू देत," शमिका म्हणाली. "आईला कळतं. बाकीच्यांना काय?"

बाईचे डोळे एकदम भरून आले. कुणीतरी असं बोलावं याची किती दिवस वाट बघत असावी ती. तिनं पोराला खाली उतरवलं, शमिकाच्या समोर उभं केलं.

"सांग रे मावशीला, नाव काय तुझं?"

मुलगा लाजला. आईच्या मागं गेला. मग तोंड बाहेर काढून म्हणाला, "सव्वेश."

"सर्वेश," आई कौतुकानं म्हणाली.

"छान आहे," शमिका म्हणाली. ऋत्विकनं तिच्या गळ्याला मिठी मारली. तो गरम होता, दुधाचा वास येणारा, जिवंत. "जा, बघून या. वर आमची वैनी आहे बसलेली. सावली आहे तिच्याजवळ. टेकू दे त्याला जरा."

ती मायलेकरं वाटेनं वर जाईपर्यंत शमिका बघत राहिली. मग कपाळावर हात धरून तिनं हाक दिली, सड्यावर घुमेल अशी.

"वैनी! सर्वेश हो!"

त्या बाईनं मागं वळून हात हलवला. आपल्या पोराचं नाव कुणी इतक्या प्रेमानं घेतलं म्हणून तिला बरं वाटलं असावं.

ती बाई कुठल्या गावची, तिचं आडनाव काय, हे वाडीत कुणालाच ठाऊक नाही. गाडी दुपारी गेली, आणि योगू बडबडत घरी आली. पण पुढच्या रविवारी तीच गाडी पुन्हा आली, आणि त्याच्या पुढच्या. आता ती बाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना द्यायला आपलं सरबत आपणच घेऊन येते म्हणतात.

तेव्हा तुम्ही पालीच्या बाजूनं सड्यावर गेलात तर ढीग खुशाल बघा, फोटो काढा. धोंड्याला हात लावू नका. आणि तिथं कुणी बाई मायेनं बाळाचं नाव विचारू लागली तर हसा, पाणी नको म्हणा आणि चालू पडा. ती ओळखायची कशी म्हणाल, तर ओळखता येणार नाही. तिच्या कडेवरही पोर असेल, आणि त्याच्यावर तिचा तुमच्याइतकाच जीव असेल. तुमच्या बहिणींना, भावजयांना, शेजारणींना, ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्या प्रत्येकीला हे आजच सांगा, आणि त्यांनाही म्हणावं, पुढं सांगा.